लतीफची सुट्टी आणि अक्रोडाचा दस्ता

बहरीनमध्ये, मनामाच्या जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची इमारत होती. तळमजल्यावरच्या एका खोलीत लतीफ आणि कोकणातलीच आणखी काही माणसं राहत. त्यांच्याकडे फोन नव्हता, आमच्याकडे होता. त्यामुळे राजापूर तालुक्यातल्या बऱ्याच घरांत माझा नंबर पाठ झालेला होता. फोन आला की मी जिन्यातून हाक मारायची, आणि ज्याचा असेल तो धावत वर यायचा.

लतीफ मात्र धावत यायचा नाही. चपला खालीच काढून तो एकेक पायरी चढायचा आणि दाराशी थांबायचा. अंगाला अळशीच्या तेलाचा वास. बोटं जाड, पण वस्तूला हात लावायची तऱ्हा अगदी हलकी. खुर्चीवर बसण्याआधी तो तिच्या हाताखालून तळवा फिरवून सांधा तपासायचा. माझ्या शाळेच्या वह्या तपासायच्या टेबलाचा एक पाय डुगडुगायचा, तो त्याने मला न विचारताच नीट करून टाकला होता. मी आभार मानले तर म्हणाला, "तो आवाज खाली आमच्या डोक्यावर यायचा, बाई. आमच्यासाठीच केला."

तो जैतापूरचा. सनाबिसमध्ये जासिम नावाच्या एका बहरिनी माणसाच्या लाकूडकामाच्या कारखान्यात कामाला होता. तिथे नक्षीची दारं, पितळी खिळ्यांच्या पेट्या होत. पण लतीफचं खास काम वेगळं होतं. शिकारीचा नाद असलेल्या श्रीमंत लोकांच्या बंदुकांना तो लाकडी दस्ते करायचा. एका म्हाताऱ्या पेशावरी कारागिराने त्याला ते शिकवलं होतं. तो कारागीर मायदेशी गेल्यावर जासिमकडे हे काम येणारा लतीफ एकटाच उरला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा विचारलं, तर त्याने कोपऱ्यातला झाडू माझ्या हातात दिला.

"धरा खांद्याला."

मी धरला.

"आता गाल टेकवा. मान वाकवू नका. मान वाकवावी लागली म्हणजे दस्ता चुकला." मग लांबूनच माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "तुमचा हात आखूड आहे. तुमाला छोटा दस्ता लागेल."

"मला कशाला? मुलांना धाक दाखवायला?"

"तो तुमाला बंदुकीशिवाय जमतो. शाहिद सांगत होता."

शाहिद हा त्याच्या खोलीतल्या माणसाचा मुलगा, माझ्या वर्गातला. मी तोच झाडू त्याच्यावर उगारला. तेव्हा लतीफ हसला होता. त्या वर्षी तो हसल्याचं मला एवढंच आठवतं.

ते त्र्याण्णव साल. उन्हाळा सुरू होता होता राजापूरहून फारुखचा फोन आला. फारुख म्हणजे लतीफच्या बायकोचा, महमुदाचा भाऊ. तिच्या पोटात गाठ निघाली होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं. मात्र महमुदा तयार नव्हती.

"काय म्हणते?" लतीफने विचारलं. फोनमधला फारुखचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता, इतका तो ओरडून बोलत होता.

"म्हणते, तिन्ही पोरं तो नसताना झाली. आमचा बाप गेला तेव्हा तो नव्हता. आता टेबलावर चढायचं तर तो आल्याशिवाय नाय. आम्ही सगळ्यांनी समजावली. आई रडली. तिचं एकच, त्याला बोलवा."

लतीफने फोन जपून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "हट्टी आहे ती. पण तिचं खोटं नाय."

दुसऱ्या दिवशी त्याने जासिमकडे सुट्टी मागितली. पासपोर्ट जासिमच्या कपाटात असायचा, सगळ्यांचेच असायचे. जासिम दुष्ट नव्हता. ईदला तो कामगारांना आपल्या हाताने जेवण वाढायचा. पण त्याच वेळी हाजी मन्सूर यांची बंदूक कारखान्यात आलेली होती, आणि हाजी मन्सूर यांचं काम हा जासिमच्या इभ्रतीचा प्रश्न होता. बंदुकीचा लोखंडी भाग विलायतेहून आला होता, दस्ता इथे व्हायचा होता.

"पहले हाजी का बंदूक," जासिम म्हणाला. "दुसरा कौन करेगा? तुम खलास करो, दूसरे दिन पासपोर्ट ले लो, जाओ. वल्लाह."

आणि वर एक ताकीद दिली. हाजींच्या घरी आपलं घरचं रडगाणं गायचं नाही. गिऱ्हाईक आहे, वडील माणूस आहे.

लतीफने हिशेब केला. मनासारखं लाकूड असेल आणि कोणी मध्ये आलं नाही तर तीन आठवड्यांत दस्ता होतो. त्याने फारुखला तसं कळवलं. महमुदाने निरोप पाठवला, थांबते.

पण हाजींचं काही ठरेना.

अडचण नळीची होती. नळी पूर्ण लांबीची आली होती, सव्वीस इंच. हाजी दर हिवाळ्यात परदेशी डोंगरांत रानबकऱ्यांच्या शिकारीला जात, असं ते म्हणत. लांब नळीची गोळी दूरवर नेमकी जाते, पण चढणीवर ती खडकांना अडते, हात भरून येतात. बावीस इंचांची केली तर वागवायला सोपी. वीस केली तर आणखी हलकी, पण तिचा आवाज कान फोडतो. एकदा कापली की कापली. आणि नळी ठरल्याशिवाय दस्ता सुरू करता येत नव्हता, कारण पुढचं लाकूड किती लांब ठेवायचं आणि तोल कुठे आणायचा हे नळीवर अवलंबून होतं.

लतीफने लोखंडी नळ्यांचे तुकडे कापून वेगवेगळ्या लांबीचे नमुने केले. कारखाना सुटला की ते कापडात गुंडाळून तो हाजींच्या बैठकीत जायचा. हाजी सत्तरीपुढचे, पांढरा झगा घातलेले, घरातसुद्धा डोळ्यांवर गडद चष्मा. शेजारी दोन-चार म्हातारे सोबती बसलेले. हाजी एकेक नमुना मांडीवर आडवा घेत, हाताने तोलत, कुठल्याशा डोंगरावरच्या कुठल्याशा शिकारीची गोष्ट सांगत. लतीफला कहवा देत, खजूर देत. आणि शेवटी म्हणत, "कल देखेंगे, इंशाल्ला."

लाकडाचंही तेच. अक्रोडाचे तीन ओंडके होते. एक काळसर, लाटा उठलेला, बघत राहावा असा. पण मुठीजवळ त्याचे रेषे आडवे जात होते. लतीफ म्हणाला, "हा सुंदर आहे, बाबा, पण इथे फुटेल." हाजींनी तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत मागवला. मग तिसरा मागवला, ज्याचे रेषे सरळ होते आणि फक्त टोकाकडे धुरासारखी नक्षी होती. तो लतीफला पहिल्यापासून पसंत होता.

"माणूस वाईट नाय, बाई," लतीफ मला सांगायचा. "मला बघितलं की तोंड खुलतं त्यांचं. पण ठरवतच नाय. मी काय करू? त्यांना घाई नाय आणि मला घाई आहे असं सांगायची सोय नाय."

"सांगून टाक सरळ."

"जासिमला कळलं तर? मग पासपोर्टच विसरा."

मी जासिमला फोन करायची तयारी दाखवली. त्याने हात जोडले. "नको बाई. तुमी टीचर आहात, तुमचं ते ऐकून घेतील. आणि मग माझ्यावर काढतील."

तीन आठवडे नुसते नमुने वाहण्यात गेले. एका शुक्रवारी महमुदा स्वतः राजापूरला येऊन फोनवर बोलली. मी गॅस बंद करून गॅलरीत गेले, तरी त्याचं बोलणं कानावर येत होतंच.

"अगं, टेबलावर तुला झोपायचं आहे, मी आलो तरी मला आत घेणार आहेत काय? ... बरं. ... बरं, दारापर्यंत. ... येतो म्हणतोय ना. ... दुखतं काय? खरं सांग. ... मग आवाज असा का येतो?"

मी वळून बघितलं, तर रिसीव्हर कानाला लावून तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. लाइन कधीच तुटली होती.

त्या संध्याकाळी हाजींच्या बैठकीत त्याने पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला घाई केली. म्हणाला, बाबा, हिवाळा येईल आणि बंदूक राहील. हाजींनी मांडीवरचा नमुना बाजूला ठेवला.

"तू बोल. तेरा क्या खयाल है?"

"बावीस."

"बावीस," हाजी म्हणाले. ते थोडे उदास झाल्यासारखे वाटले, असं लतीफ सांगत होता. "अच्छा. काट दे."

दुसऱ्या दिवशी नळी लेथवर गेली.

आता दस्ता. लतीफची कामाची एक रीत होती, त्या पेशावरी उस्तादाने घालून दिलेली. माणसाची जुनी बंदूक बघितल्याशिवाय नव्या लाकडाला हत्यार लावायचं नाही. जुन्या दस्त्यावर गाल कुठे घासला, घाम कुठे मुरला, मूठ कुठे झिजली, ते लाकूड सगळं सांगतं. हाजींची जुनी बंदूक त्यांच्या शेतावरच्या घरी होती. "मंगवा लेंगे," ते म्हणाले. दोन दिवस गेले, आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

लतीफने वाट बघितली नाही. हाताचं माप घेतलं आणि सुरुवात केली. माप घ्यायला हाजींनी उजवा हात पुढे केला. तोच पुढे येणार होता. कहवा उजव्या हाताने, खजूर उजव्या हाताने, सलाम उजव्या हाताने. मोठ्या माणसापुढे डावा हात करणं त्यांच्यातही बेअदबी आणि लतीफच्या घरीही. बंदुकीत गोळी भरायला मागे ओढायचा दांडाही उजवीकडेच होता. चष्मा काढा म्हणायचं, कुठला डोळा लावता विचारायचं, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. वडील माणसाच्या डोळ्यांची चौकशी कोण करतो?

तो झपाटल्यासारखा कामाला लागला. खोलीतले लोक मला सांगायचे की जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच राहतो. त्याच्या दाढीत भुसा असायचा. एकदा जिन्यात भेटला तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"पटाशी लागली. काय नाय," तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा जरा उजळला. "बाई, गाल टेकायचा उंचवटा असा आलाय! हात लावलात तर उशी वाटेल. दस्ता जरा बाहेर वळवलाय, म्हणजे डोळा आपोआप नळीवर येतो. उस्तादांना दाखवायला पाहिजे होता." लगेच म्हणाला, "फोन नाय ना आला?"

फोन आला तो एका गुरुवारी, दस्ता सुरू होऊन दोन आठवडे झाले तेव्हा. मी शाळेतून येऊन पर्स ठेवतच होते. फारुख रत्नागिरीहून बोलत होता. महमुदाला रक्तस्राव झाला होता, रात्री जीपने इस्पितळात आणली होती. रक्त चढवून थोडी सावरली होती. डॉक्टर म्हणत होते, उद्या-परवापर्यंत थांबू शकतो, पुढे आमच्या हातात नाही. महमुदा शुद्धीवर आली की खाटेची दांडी धरून एकच विचारत होती, निघाला का?

"बाई, त्याला सांगा, बंदूक गेली चुलीत," फारुख म्हणाला.

मी टॅक्सी करून सनाबिसला गेले. त्या कारखान्यात मी पूर्वी कधी गेले नव्हते. दार उघडंच होतं. आत भुशाचा आणि तेलाचा वास, भिंतीला टेकवलेली दारं, आणि मधोमध तीन माणसं. लतीफ, पोट सुटलेला जासिम, आणि काठी टेकून उभे असलेले हाजी मन्सूर. बंदूक पुरी झाली होती. हाजी ती बघायला आलेले होते.

लतीफने मला दारात बघितलं आणि काय ते ओळखलं. पण त्याच क्षणी जासिमने त्याला खूण केली, आणि त्याने दोन्ही हातांवर ठेवून बंदूक हाजींपुढे केली. मी जागच्या जागी थांबले. वाटलं, एवढं होऊ दे. हे झालं की पासपोर्ट.

हाजींनी दस्त्यावरून हात फिरवला. खूप वेळ फिरवला. धुरासारखी ती नक्षी तेल पिऊन खाली खोल गेल्यासारखी दिसत होती. "माशाल्ला," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी काठी जासिमकडे दिली, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली.

त्यांचा उजवा डोळा पांढरा होता. कधीतरी लहानपणी गेलेला असावा.

लतीफने इतक्या निगुतीने केलेली ती गालाची उशी बाहेरच्या बाजूला, हवेत राहिली. हाजींच्या गालाला लागत होती ती सपाट बाजू, आणि दस्त्याचं वळण नळीला त्यांच्या डोळ्यापासून दूर नेत होतं. त्यांनी मान वाकवली. आणखी वाकवली. तरी डोळा नळीवर येईना. त्यांनी बंदूक खाली घेतली.

लतीफचं तोंड उघडं होतं. तो हाजींच्या डोळ्याकडे बघत होता आणि मग त्याने मान खाली घातली.

जासिम भडकला. आधी अरबीत, मग हिंदीत. "अंधा है तू? मेरा नाक काटा! नया बनाओ. लकडी फिर मंगाओ. छुट्टी मफी, नहीं मिलेगा! बंदूक नहीं तो पासपोर्ट नहीं!"

"अरबाब," लतीफ मालकाला म्हणाला. "अरबाब, मैं... गाल निकाल के, सीधा..."

मी पुढे झाले. मराठीतच बोलले, दुसरं काही सुचलं नाही. "लतीफ, फारुखचा फोन होता. महमुदाला इस्पितळात ठेवलीय. रक्त गेलं. उद्या-परवापर्यंत म्हणतात. तू निघालास का विचारते आहे."

त्याने ऐकलं. खाली बसला, तिथेच भुशात. रडला नाही. हातात कानस होती, ती त्याने मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिला.

"क्या हुआ?" हाजींनी विचारलं.

"मफी, बाबा. कुछ नहीं," लतीफ म्हणाला.

हाजी माझ्याकडे वळले. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी ते मुंबईत राहिलेले, असं लतीफने सांगितलेलं मला आठवलं. त्यांचं हिंदी जुन्या मुंबईचं होतं. "बाई, आप बोलो."

मी सांगितलं. जासिमकडे न बघता सगळं सांगितलं. गाठ, महमुदाचा हट्ट, सव्वीस आणि बावीस इंचांत गेलेले आठवडे. हाजी ऐकत होते. त्या सव्वीस-बावीसपाशी त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"मेरे को डॉक्टर ने पहाड़ मना किया है," ते म्हणाले, मला की स्वतःला ते कळलं नाही. "दो साल हो गया."

मग त्यांनी बंदूक पुन्हा उचलली. या वेळी उजव्या खांद्याला लावली. गाल त्या उशीवर टेकवला. तो चपखल बसला, मान जरासुद्धा वाकली नाही. चांगला डावा डोळा त्यांनी मिटून घेतला आणि पांढऱ्या डोळ्याने नळीवरून समोरच्या भिंतीकडे नेम धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"बराबर है," ते जासिमला म्हणाले. "एकदम बराबर. मेरा काम हो गया. खलास."

जासिम काही बोलायला गेला.

"तुम ने बोला था न, बंदूक खलास तो पासपोर्ट? यल्ला. कपाट खोलो."

गिऱ्हाईकच पसंत म्हणत होतं. जासिम किल्ल्या काढत आत गेला. हाजींनी चष्मा घातला, काठी घेतली. लतीफ उठून त्यांच्या हाताशी वाकला, तर त्यांनी त्याच्या डोक्यावरचा भुसा झटकला. बाहेर त्यांची गाडी उभी होती. विमानतळापर्यंत लतीफ त्याच गाडीने गेला, अंगावरच्या कपड्यांनिशी. मी त्याला माझ्या पर्समधला डबा दिला. त्याने तो उघडला की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर काहीच कळलं नाही. मी शुक्रवारभर फोनजवळून हलले नाही. शनिवारी फारुखचा फोन आला.

"पोचला. सकाळी आला. तिनं बघितलान आणि म्हणाली, किती वाळलात हो तुम्ही. मग डॉक्टरला म्हणाली, चला. दारापर्यंत तो हात धरून गेला. आता आत आहे. आम्ही बाहेर बसलोय."

तो रडत होता, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही की पुढे काय. संध्याकाळी पुन्हा फोन आला, तेव्हा कळलं की ती जगली.

लतीफ परत आला नाही. जासिमने व्हिसा संपू दिला. हाजी मन्सूर दुसऱ्या वर्षी गेले, असं शाहिदच्या वडिलांनी मला सांगितलं.

निवृत्त झाल्यावर आम्ही भारतात आलो, आणि एका थंडीत मी जैतापूरला त्याच्या घरी गेले. पडवीत त्याचं काम चालू होतं. खाटा, दारं, आणि रानडुकरांसाठी परवाना असलेल्या शेतकऱ्यांच्या बंदुकांचे दस्ते. एक जण आपली बंदूक घेऊन बसला होता. लतीफने त्याला भोक पाडलेली एक छोटी फळी दिली.

"ह्यातून तो समोरचा माड बघ."

माणसाने फळी डोळ्याला लावली. लतीफने कुठल्या डोळ्याला ते बघितलं, आणि मगच माप घ्यायला उठला.

"हा आता पाटाचं गिऱ्हाईक आलं तरी त्याला माड बघायला लावतो," आतून महमुदा म्हणाली. ती बारीक झालेली होती आणि भिंतीला धरून चालत होती, पण आवाज खणखणीत होता. "बाई, तुमी तरी सांगा त्याला. लोक हसतात."

"हसू देत," लतीफ म्हणाला.

तो माणूस गेल्यावर आम्ही पडवीत बसलो. लतीफने माझ्या खुर्चीच्या हाताखालून तळवा फिरवला, मगच मला बसू दिलं. त्याने पायाजवळचा भुसा हाताने गोळा केला. मग म्हणाला, "बाई, त्या दिवशी हाजींनी कुठला डोळा मिटला होता, तुमी बघितलात?"

"बघितलं."

"मी पण," तो म्हणाला, आणि ती भोकाची फळी उचलून खिळ्याला अडकवून ठेवली.